मंत्रीसाहेब, कॅमेऱ्याच्या कपाटाची किल्ली कुणाकडं असते?

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

साहेब, नमस्कार.

मी एका दुष्काळी तालुक्यातल्या कम्युनिटी कॉलेजमधून (म्हणजे कामधंद्याचे छोटे कोर्स शिकवणारं कॉलेज) मीडियाचा एक वर्षाचा डिप्लोमा केलाय. कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की तिथल्या सरांवर शेकेल आणि तक्रार सरांबद्दल नाहीचये.

तक्रार एका कपाटाबद्दल आहे. गोदरेजचं, करड्या रंगाचं, ऑफिसच्या मागच्या खोलीत. त्यात आमच्या कोर्ससाठी घेतलेला व्हिडिओ कॅमेरा, ट्रायपॉड, दोन कॉलर माइक आणि एक रेकॉर्डर होता. अख्ख्या वर्षात तो कॅमेरा मी दोनदा बघितला, एकदा ॲडमिशन घेताना (दाखवायला काढला होता) आणि एकदा नॅकची (कॉलेजांचा दर्जा तपासणारी) कमिटी आली तेव्हा. त्या दिवशी मला तो खांद्यावर घेऊन उभं राहायला सांगितलं, फोटो काढला, पाहुणे चहाला गेले आणि कॅमेरा परत कपाटात गेला. बॅटरी चार्ज नव्हती, पण फोटोत ते थोडंच दिसतं!

बरं, हा काही नुसता नावापुरता कोर्स नाही, यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) बाराव्या पंचवार्षिक योजनेत कम्युनिटी कॉलेज आणि बी.व्होक.ची (कौशल्याच्या डिग्रीची) जी योजना आणली त्यातला बी.व्होक.चा हिशोबच असा की ६० टक्के कौशल्य आणि ४० टक्के सामान्य शिक्षण, वर्षभराने सोडलं तर डिप्लोमा, दोन वर्षांनी ॲडव्हान्स डिप्लोमा, तीन वर्षांनी डिग्री. कागदावर मला अजूनही ही योजना आवडते. ज्या पोरीला घरचे तीन वर्षं थांबू देणार नाहीत तिच्या हातात वर्षभरात काहीतरी पडतं. पण आमच्या परीक्षेला प्रश्न आला होता, 'कॅमेऱ्याची आकृती काढून भागांना नावे द्या.' मी पेन्सिलीने लेन्स काढली, स्केल लावून ट्रायपॉड काढला, मार्क चांगले पडले. ॲपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडं), शटर (किती वेळ उघडं), आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील) हा त्रिकोण मी खडूने फळ्यावर काढलेला शिकले आणि तो खरा कळला तो गावातल्या फोटो स्टुडिओत, लग्नाच्या शूटिंगला लाइट धरायला जायला लागले तेव्हा. हळदीला मंडपात उजेड कमी, नवरी हलतेय, स्टुडिओवाले दादा ओरडले, आयएसओ वाढव की! त्या एका ओरडण्यात माझं सगळं सेमिस्टर झालं.

मग कपाट उघडत का नव्हते? पहिले मला वाटायचं सर कंजूष आहेत. तसं नव्हतं. प्रत्येक वस्तू डेड स्टॉक रजिस्टरला (टिकाऊ सामानाच्या नोंदवहीला) चढलेली असते, वर्षाच्या शेवटी मोजणी होते, आणि काही फुटलं-हरवलं की सही ज्याची त्याच्या गळ्यात. आमचे सर सीएचबीवर, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्याचे पैसे, तेही महिनोन्महिने लटकलेले, सुट्टीत काहीच नाही. असा माणूस एवढ्या महागाच्या कॅमेऱ्यासाठी सही करून तो एकोणीस वर्षांच्या पोरांच्या हातात देईल? मी असते तर मीही दिला नसता. म्हणजे बघा, शिकायला घेतलेली वस्तू शिकताना झिजली तर तो गुन्हा, आणि न वापरता सडली तर रजिस्टर एकदम क्लीन. इतर दोन-तीन ठिकाणच्या ओळखीच्यांना विचारलं तर त्यांच्याकडेही कपाट आहेच, फक्त रंग वेगळा.

त्यामुळे पैसे वाढवून द्या असं मी म्हणतच नाहीये (दिले तर नको कोण म्हणेल). एक जीआर काढा. लायब्ररीचं पुस्तक जसं आय-कार्डवर मिळतं तसा कॅमेरा दोन दिवसांसाठी मिळावा, रिपेअरिंग आणि विम्याची रक्कम कोर्सच्या फीमध्येच धरलेली असावी आणि वापरताना बिघडलं तर शिक्षकाकडून वसुली नाही हे स्पष्ट शब्दांत लिहावं. आणि तपासणीला येणाऱ्यांनी कॅमेरा आहे का हे विचारूच नये, किती वेळा बाहेर गेला ते विचारावं, इश्यू रजिस्टर दाखवा म्हणावं.

दुसरं, शिकलेलं वापरायचं कुठे. तालुक्यात आमच्यासारख्यांना मिळणारं काम म्हणजे वार्ताहर, आणि वार्ताहर म्हणजे बातमी फुकट आणि दिवाळी, १५ ऑगस्ट, साहेबांचा वाढदिवस यांच्या जाहिराती आणल्या तर कमिशन. ६ जानेवारीला, पत्रकार दिनी, दर्पणकारांच्या फोटोला हार घालून शाल-श्रीफळ मिळतं. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढलं, ते पोंभुर्ल्याचे, म्हणजे कोकणातल्या खेड्यातलेच, पण त्यांनाही त्यासाठी मुंबई गाठावी लागली आणि आम्हालाही पुणे-मुंबईच गाठायचीये का अजून?

कम्युनिटी रेडिओ (आपल्या भागापुरतं छोटं एफएम केंद्र) आहे की. शिक्षणसंस्थांना २००२ पासून परवानगी आहे, चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाने २००४ मध्ये सुरू पण केला, २००६ मध्ये सामाजिक संस्थांनाही दार उघडलं, आपल्याकडे पुणे विद्यापीठाची विद्यावाणी आहे, आणि म्हसवडसारख्या गावात माणदेशी तरंग चालतो, तिथं बायका स्वतः माइकवर बोलतात. शंभर वॅटपर्यंतची प्रक्षेपणाची ताकद, पाच-दहा किलोमीटरचा पल्ला, एवढ्यात आमचं तालुक्याचं गाव आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्या आरामात बसतात. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच द्याव्या लागतात, हे मला अजिबात पटत नाही, पण तो दिल्लीचा विषय, तुमच्या खात्यात येत नाही. तरी पाणी कधी सुटणार, लाइट कधी जाणार, निकाल, ॲडमिशनच्या तारखा, जत्रा, हवामान हे सगळं चालतं. आणि खरं सांगू का, तालुक्यात माणसं सकाळी उठून हेच विचारतात. परवान्याचा अर्ज, फ्रिक्वेन्सीची कटकट यासाठी विद्यापीठात एक माणूस बसवा जो कॉलेजांना फॉर्म भरून देईल, प्राचार्यांना ते जमत नाही आणि जमवायला वेळही नाही.

मी सध्या त्याच स्टुडिओत एडिटिंग करते, पगार बरा आहे, माझं म्हणाल तर निभावलं. हे पत्र यंदा ॲडमिशन घेतलेल्या अकरा जणांसाठी आहे. ते फोनवर रेकॉर्ड करतात, फोनवरच ॲपमध्ये कापतात, आणि वारं असलं की आवाजाचं वाटोळं होतं, कारण कॉलर माइक कपाटात.

आपली,
एक माजी विद्यार्थिनी

ता.क. : परवा स्टॉक मोजणीला कपाट उघडलं म्हणे. लेन्सला बुरशी आलीये आणि बॅटरी फुगलीये. रजिस्टरवर 'सुस्थितीत' लिहून परत कुलूप लावलं.