सूचना : लसीचं कार्ड शोधून ठेवा

जुळे सोलापुरातील सर्व पालक सभासदांनो,

'लस नाही तर शाळा नाही' हा ग्रुपवर फिरणारा मेसेज कॅलिफोर्नियाचा आहे. तिथे २०१५ च्या कायद्याने वैयक्तिक श्रद्धेच्या कारणाने लस न घेताही शाळेत जाण्याची सवलत काढली. १ जुलै २०१६ पासून नव्याने सूट मिळते ती वैद्यकीय कारणानेच. आपल्याकडे शाळाप्रवेशासाठी असा देशव्यापी कायदा नाही. म्हणून ढिलाई नको!

पाच-सहा वर्षांना डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) दुसरा बूस्टर, १० व्या आणि १६ व्या वर्षी टीडी (धनुर्वात, घटसर्प). हे मोठेपणीचे डोस हमखास राहतात, कारण तान्हेपणीचं कार्ड तोवर कुठल्या ट्रंकेत जातं देव जाणे. गोवर-रुबेलाचे दोन्ही झालेत ना, तेही बघा.

सिद्धेश्वराची गड्डा यात्रा आटोपली की महापालिकेच्या जवळच्या आरोग्य केंद्रात जा. लस मोफत आहे. कार्ड हरवलं असलं तरी जा.

– ग्रुप संयोजक