विनोदी रॅपलाही मानधन द्या

महोदय,

आमच्या वडगावात यंत्रमागावर काम करणारा एक पोरगा बेळगावी मराठीत विनोदी रॅप करतो. मागांचा खडखडाट थांबला की रात्री डोक्यावर गोधडी घेऊन मोबाइलवर रेकॉर्डिंग! पाठीशी कंपनी नाही. गणेशोत्सवात त्याच्या ‘काय करूलास बे?’वर अख्खी गल्ली पोट धरून हसली, पण हातात पडला तो शाल-नारळच. ढोल-ताशाला पैसे मोजता, मग शब्दांना का नाही? एकनाथांची भारुडंही हसवतच शहाणं करत होती. अशा पोरांनी आपली गाणी ‘आयपीआरएस’ या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या संस्थेकडे जरूर नोंदवावीत, २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकाराचा रॉयल्टीतला वाटा राखला आहे. आणि मंडळांनो, यंदा त्याला बोलवाल तेव्हा पाकीट आधी द्या.

– एक वाचक, वडगाव, बेळगाव