दुधाच्या कॅनमधले कागद

वॉर्सा, रविवार

ती. आई-बाबांस सा. न. वि. वि.

परवा फोनवर आईनं विचारलं, "रोज तेच मरणाचं वाचायचं, जीव घाबरा होत नाही का गं?" मी विषय बदलला. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून आज निवांत लिहिते.

मी संशोधनासाठी रोज ज्या ज्यू इतिहास संस्थेत जाते, तिथल्या फरशीवर जळल्याचे डाग आहेत. शेजारी शहरातलं सर्वांत मोठं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, होतं. १६ मे १९४३ ला नाझींनी ते सुरुंग लावून उडवलं, त्या वेळच्या आगीचे हे डाग. ते मुद्दाम तसेच राखलेत. आत काचेमागे एक गंजलेला दुधाचा कॅन आहे. आई, आपल्याकडे डेअरीला दूध घालायला नेतात ना, तसलाच. त्यात दूध नव्हतं, कागद होते.

१९४० च्या नोव्हेंबरात इथल्या ज्यूंना भिंतीआड कोंडलं. तीन-साडेतीन चौरस किलोमीटरमध्ये चार लाखांवर माणसं. त्यांच्यात इमॅन्युएल रिंगेलब्लुम नावाचे इतिहासकार होते. त्यांनी पन्नास-साठ जणांना हाताशी धरून सगळं गुपचूप लिहून ठेवायला सुरुवात केली. बैठक शनिवारी, म्हणून नाव पडलं 'ओनेग शाबात', म्हणजे शब्बाथचा, ज्यूंच्या शनिवारच्या सुट्टीचा, आनंद. त्यांनी प्रश्नावल्या केल्या, पोरांकडून निबंध लिहून घेतले, रेशनकार्डं, ट्रामची तिकिटं, गोळ्या-चॉकलेटांचे कागद, भिंतीवरचे हुकूम, सगळं जमा केलं. बाबा, मला सर्वांत मोठी वाटते ती त्यांची एक अट: आपल्या माणसांचं वाईटही लिहायचं. म्हणून त्यात लाच खाणारे आहेत, स्वतःच्याच लोकांना गाडीत कोंबणारे ज्यू पोलीसही आहेत. उपाशी पोटी, मरण दारात असताना एवढा सच्चेपणा कुठून आणला असेल त्यांनी!

२२ जुलै १९४२ पासून ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे गाड्या सुटायला लागल्या. तेव्हा इस्राएल लिख्तेनश्टाइन या शिक्षकानं दोन तरुण पोरांना घेऊन एका शाळेच्या तळघरात दहा पत्र्याचे डबे पुरले. त्यांत त्याच्या बायकोची, गेला सेक्श्टाइनची, चित्रंही होती. जाता जाता त्यानं लिहिलंय, मला कौतुक नको, स्मारक नको, फक्त आठवण राहू द्या. माझ्या बायकोची आठवण राहू द्या, माझ्या मुलीची राहू द्या. मार्गालित आज वीस महिन्यांची झाली, नवव्या महिन्यापासून स्वच्छ यिडिश (इथल्या ज्यूंची भाषा) बोलते.

आई, हे वाचलं त्या दिवशी मी उठून बाहेर गेले आणि नदीकाठी बसून राहिले. तर होतो त्रास. पण त्या बापाला ती बोलायला लागली हे कुणाला तरी सांगायचं होतं, आणि ऐंशी वर्षांनी ते माझ्यापर्यंत पोचलं. मग मी उठून कशी जाऊ?

तो, त्याची बायको आणि मुलगी, तिघंही वाचले नाहीत. रिंगेलब्लुमना १९४४ च्या मार्चमध्ये लपलेल्या जागेतून बाहेर काढून कुटुंबासकट मारलं. अख्ख्या गटातले तिघंच उरले. त्यांतल्या राखेला आउएरबाख बाईंनी 'ढिगाऱ्याखाली खजिना आहे, खणा' असा धोशा लावला. १९४६ च्या सप्टेंबरात डबे सापडले. त्यांत पाणी शिरलं होतं, बरीचशी शाई धुऊन गेली होती. १९५० च्या डिसेंबरात, नंतर पुरलेले दुधाचे दोन कॅन मिळाले, त्यांतले कागद जास्त शाबूत. तिसरा साठा आजवर हाती लागलेला नाही.

माझ्या संशोधनाचा विषय पुढचा: या कागदांतलं पुढे कुणी काय छापलं आणि काय गाळलं. १९५२ मध्ये इथेच रिंगेलब्लुमची टिपणं छापली, तर त्या वेळच्या कम्युनिस्ट राजवटीला न रुचणारे उतारे वगळून. समाज आपापल्या सोयीनं कसं आठवतो, याचा अभ्यास मोरिस हाल्बवाक्स या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं १९२५ मध्येच मांडला होता. तेही १९४५ मध्ये बुखेनवाल्डच्या नाझी छावणीत मरण पावले. त्यांचे सासरेबुवा ज्यू होते, १९४४ च्या जानेवारीत त्यांचा खून झाला होता.

बाबा, आता तुमच्याशी थोडं भांडण. कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या निर्वासित छावणीत हिटलरच्या तावडीतून सुटलेले ज्यू राहायचे, असं तुम्ही पाहुण्यांना सांगता. मीही इथे पहिल्याच महिन्यात तसंच सांगितलं, आणि माझ्या मार्गदर्शक बाईंनी शांतपणे दुरुस्त केलं. १९४३ ते ४८ मध्ये तिथे जे पाचेक हजार पोलिश राहिले, ते बहुतेक कॅथलिक होते. १९४० पासून स्टालिनच्या राजवटीनं त्यांना सायबेरिया-कझाकस्तानात हाकललं होतं, तिथून ते इराणमार्गे आले. ज्यू होते, पण थोडेच. त्यांचंही दुःख मोठं, पण ते वेगळं. दोन्हींची गल्लत केली तर दोघांवर अन्याय होतो. इथे २०१७ पासून वळिवड्याच्या छावणीचं स्मारक आहे, त्यावर आपल्या कोल्हापूरचं नाव वाचताना डोळे भरून येतात.

आजी लहानपणी वडलांबरोबर छावणीत भाजी द्यायला जायची म्हणते ना? तिला एखाद्या दुपारी बसवून घ्या आणि ती बोलेल तसं वहीत उतरवा. चुकीचं वाटलं तरी दुरुस्त करू नका, मध्ये बोलू नका, वर तारीख घाला. त्या बायकांचे फ्रॉक, त्यांचं बोलणं, मोडकं मराठी, भाव कसा करायच्या, सगळं. गॅलरीतल्या जुन्या पेटीत ठेवू नका, तिथे पावसाचं पाणी झिरपतं.

तुमची लेक