शनिवारी संध्याकाळी गाडी देऊ नकोस

अमळनेर,
8 डिसेंबर 2025

प्रिय बापू,

काल रात्री फोन ठेवला आणि मग झोपच लागेना. तुझ्याकडे पाहुणे बसलेले होते, तू घाईत होतास, म्हणून मी नुसतं हो-हो करत राहिलो. सकाळी उठून ठरवलं की हे लिहूनच काढावं. फोनवरचं बोलणं विसरलं जातं, कागद पुन्हा काढून वाचता येतो.

मला समजलं ते असं. तुझी बोलेरो पाच लाख चाळीस हजारांना विकायची ठरली. घेणारा मध्य प्रदेशातल्या सेंधव्याचा, वहिनींच्या मामांच्या ओळखीतला. शनिवारी संध्याकाळी येणार, दीड लाख रोख देणार, बाकीचा चेक देणार. सोमवारी आरटीजीएस करतो, म्हणजे बँकेतून थेट खात्यात पैसे टाकतो, मग चेक फाडून टाका, असं त्याचं म्हणणं. गाडी मात्र शनिवारीच न्यायची, कारण रविवारी त्याच्या घरी कार्यक्रम आहे. आणि गाडीच्या कर्जाचे बँकेचे 68 हजार अजून तुझ्या डोक्यावर आहेत.

बापू, मन्हं आयक. शनिवारी गाडी देऊ नकोस.

तो माणूस लबाड आहे असं मी म्हणत नाही. त्याला मी पाहिलेलंही नाही. पण 13 तारखेला दुसरा शनिवार आहे, बँक बंद. रविवारही बंदच. म्हणजे दोन दिवस तुझी गाडी दुसऱ्या राज्यात आणि तुझ्या हातात एक सही केलेला कागद. माणूस प्रामाणिक असला तरी सोमवारी त्याच्या घरात कोणी आजारी पडू शकतं, त्याचे स्वतःचे येणारे पैसे अडकू शकतात. मग तू रोज फोन करायचा आणि त्याने रोज नवा दिवस सांगायचा.

माझ्या अल्टोची गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे. उरलेली मी कोणालाच नीट सांगितली नव्हती. 2019 साली एक लाख पासष्ट हजारांना दिली. घेणारा आमच्या भाऊबंदांचा व्याही. वेळ अशीच, शनिवारची संध्याकाळ. पन्नास हजार रोख दिले, एक लाख पंधरा हजारांचा चेक दिला. चहा झाला, पेढे झाले, गाडी त्याच्या नावावर करायच्या 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर मी सह्या केल्या आणि किल्ली दिली. बुधवारी चेक परत आला, खात्यात शिल्लक अपुरी. मी फोन केला तर म्हणाला, "दाजी, पुन्हा टाकू नका, बँकेत माझी पत जाईल. आठ दिवसांत रोख आणून देतो." मी थांबलो.

ते थांबणंच मला भोवलं. चेक न वटल्याचा बँकेचा मेमो हातात आल्यापासून 30 दिवसांच्या आत समोरच्याला लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यापासून पैसे द्यायला त्याला 15 दिवस असतात. तरी दिले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार करायची. हे मला वकिलाने सांगितलं तेव्हा माझा दुसरा महिना संपत आला होता. चेकची मुदत तीन महिने असते, तोवर तो पुन्हा बँकेत टाकता आला असता. तेही मी केलं नाही. नात्यातला माणूस, त्याला नोटीस कशी पाठवायची, हा एकच विचार डोक्यात. चौदा महिन्यांत तुकड्या-तुकड्यांनी ऐंशी हजार आले. पस्तीस हजार आजही यायचे आहेत, आणि ते येणार नाहीत.

पैशांपेक्षा वाईट पुढचं होतं. त्याने गाडी नावावर करूनच घेतली नाही. नाशिककडची ई-चलनं माझ्या मोबाईलवर यायला लागली. मग 2021 मध्ये एक दिवस पोलीस ठाण्यातून फोन आला, की तुमच्या गाडीने एका सायकलवाल्याला धक्का दिला आहे. फोन आमच्या आबांनी घेतला. सायकलवाल्याला फारसं लागलं नव्हतं, प्रकरण मिटलं. पण आबा त्या रात्री जेवले नाहीत. "आपल्या घरावर पोलिसाचा फोन कधी आला नव्हता," एवढंच म्हणाले. ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही.

कायदा याबाबत अगदी स्पष्ट आहे. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच गाडीचा मालक. त्या प्रकरणात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी विकत गेली होती, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या पहिल्या मालकावर आली. म्हणून पैसे मिळाले तरी तेवढ्याने तू मोकळा होत नाहीस. पैसे आणि नाव, दोन्ही सुटायला हवेत.

तुला आठवतं का, आपण सहावी-सातवीत असताना आबा आपल्याला सारंगखेड्याच्या यात्रेला घेऊन गेले होते? आताही यात्रेचेच दिवस आहेत. त्या वर्षी घोड्यांच्या बाजारात दोन माणसं रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव करत होती आणि आपण तोंड उघडं टाकून बघत होतो. भाव ठरला, टाळी पडली, तरी विकणाऱ्याने लगाम सोडला नाही. समोरच्याने नोटा मोजल्या, याने पुन्हा मोजल्या, पावती झाली, तेव्हा कुठे लगाम त्या हातातून या हातात गेला. कोणाला राग आला नाही. उलट शेवटी दोघांनी मिळून चहा घेतला. आबाही बैल विकताना हेच म्हणायचे, "पहिले पैसा मोज, मंग दोर सोड." बैलाच्या बाबतीत आपल्याला लाज वाटत नाही. गाडीच्या बाबतीत, पाहुणा घरात बसून पोहे खात असतो तेव्हाच नेमकी जीभ अडखळते. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते मी पस्तीस हजार मोजून शिकलो. तुला ते मोजायला लागू नयेत एवढ्यासाठी हे पत्र.

म्हणून व्यवहार घरी करूच नकोस. कामाच्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, शिरपूरला तुझ्या बँकेच्या शाखेत कर. त्याला म्हणावं, तिथेच बसून आरटीजीएस करा. दोन लाखांच्या वरची रक्कम आरटीजीएसने जाते आणि डिसेंबर 2020 पासून ती सोय चोवीस तास आहे, त्यामुळे मोबाईलवरून करणार असेल तर "सोमवारी करतो" याला काही कारणच उरत नाही. एक अडचण मात्र खरी असते. नवीन खातं जोडलं की बऱ्याच बँका पहिले चोवीस तास मोठी रक्कम जाऊ देत नाहीत. म्हणून तुझा खाते क्रमांक त्याला आदल्या दिवशीच दे, एक रुपया टाकून बघायला सांग. हे आधी केलं नाही की ऐन वेळी "लिमिट येतंय हो" असं होतं, आणि मग गाडी दारात उभी, माणसं उभी, आणि तुलाच संकोच वाटायला लागतो.

त्याने पैसे पाठवल्याचा यूटीआर नंबर दाखवला, स्क्रीनशॉट पाठवला, मेसेज आला, तरी पैसे आले असं धरू नकोस. स्क्रीनशॉट बनवता येतो, मेसेज कुठल्याही नंबरवरून पाठवता येतो. तू स्वतः तुझं बँकेचं अॅप उघड किंवा खिडकीवर पासबुक भरून घे. शिल्लक वाढलेली स्वतःच्या डोळ्यांनी बघ, मगच 29-30 वर सही. कोऱ्या फॉर्मवर तर कधीच नाही. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख तुझ्या समोर भरलेली असू दे आणि सगळ्याचे फोटो काढून ठेव. आता आरटीओच्या ऑनलाइन अर्जासाठी मोबाईलवर ओटीपी येतो. तो ओटीपी म्हणजे तुझी सहीच. एजंट कितीही ओळखीचा असला तरी पैसे येण्याआधी तो सांगू नकोस.

तो डिमांड ड्राफ्ट आणतो म्हणाला तर? ड्राफ्ट म्हणजे रोखच, असं आपल्याकडे मानतात, पण खोटे ड्राफ्टही निघतात. ज्या शाखेचा ड्राफ्ट असेल त्या शाखेत विचारून खात्री करायची, आणि फोन नंबर ड्राफ्टवरचा नाही, आपण स्वतः शोधलेला.

आता दीड लाख रोख. तू म्हणालास, त्याने कापूस विकला, त्याच्याकडे रोकड पडून आहे, सगळेच रोख घ्यावेत का? नाही. 2017 पासून एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला बंदी आहे, आणि दंड घेणाऱ्याला होतो, तोही घेतली तेवढ्याच रकमेचा. तीन दिवसांत थोडे-थोडे घेतले तरी व्यवहार एकच धरला जातो. दीड लाख चालतील, पण घरी दिव्याच्या उजेडात मोजू नकोस. बँकेच्या खिडकीवर त्याच्या समोर मशीनमधून मोजून सरळ खात्यात भर. एखादी नोट खोटी निघाली तर तिथेच कळेल. पॅन कार्ड बरोबर ठेव, मोठी रोख भरताना बँक मागू शकते.

पारोळ्याच्या माझ्या चुलतभावाचं तुझ्या कानावर आलं असेलच. त्याने मोटारसायकलची जाहिरात मोबाईलवर टाकली. फोन आला, "मी फौजी आहे, छावणीतून बाहेर येता येत नाही, पैसे आत्ता टाकतो, गाडी माझा माणूस नेईल." सैनिकाचं नाव ऐकलं की आपलं मन विरघळतं, आपल्या गावागावांतून पोरं सैन्यात आहेत. त्याने क्यूआर कोड पाठवला, "स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील." याने टाकला आणि साडेनऊ हजार गेले. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो पैसे द्यायला. तुझ्या धाकट्यालाही हे सांगून ठेव, त्यालाही जुनी मोटारसायकल काढायची आहे म्हणालास. आणि असं झालंच तर लाजून घरात बसायचं नाही, त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत नंबरला फोन करायचा. भावाने दोन दिवस कोणाला सांगितलंच नाही, तोवर पैसे पुढे कुठल्या कुठे गेले होते.

आता बँकेचा बोजा. मला वाटतं खरी गाठ इथेच आहे आणि तू तिच्याकडे बघत नाहीयेस. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, बँकेचं नाव आहे तोवर गाडी दुसऱ्याच्या नावावर होणार नाही. आधी कर्ज फेडायचं, बँकेकडून नाहरकत पत्र आणि 35 नंबरचा फॉर्म घ्यायचा, आरटीओत बोजा उतरवायचा. गाडी मध्य प्रदेशात जाणार म्हणून मग धुळ्याच्या आरटीओकडून 28 नंबरच्या फॉर्मवर दुसरी नाहरकत. ई-चलनं थकली असतील तर तीही भरावी लागतील. हे सगळं चार दिवसांत होत नाही. तोवर गाडी तुझ्या दारात उभी राहू दे.

त्या माणसाच्या बाजूनेही बघ. पूर्ण पैसे देऊन गाडी नावावर झाली नाही तर तोही फसला. त्याची भीती तुझ्याइतकीच खरी आहे. म्हणून त्याला सरळ सांग, आता दहा हजार इसार द्या, आरसीवर माझं नाव आहे त्याच नावाच्या खात्यात. इसारपावती स्टॅम्पवर करू, त्यात कर्जाचा आकडा लिहू, नाहरकत आली नाही तर इसार परत, हेही लिहू. कागद तयार झाले की एकाच बैठकीत पैसे आणि गाडी. चांगला माणूस याला नाही म्हणणार नाही, त्यालाही बरंच वाटेल. गाडी देताना तारीख, वेळ आणि किलोमीटर लिहून त्याची सही घे. आणि काचेवरचा फास्टॅग त्याच दिवशी बंद कर, नाहीतर आग्रा रोडच्या टोलवर गाडी त्याची आणि पैसे तुझ्या खात्यातून.

मामांना वाईट वाटेल याची तुला धास्ती आहे, हे मला फोनवरच कळलं. तुला जड जात असेल तर मामांशी मी बोलतो. "नाना आडवा आला" म्हण, माझ्यावर ढकल, मला चालेल.

68 हजारांसाठी त्याच्या पैशांची वाट बघू नकोस. माझे कापसाचे पैसे आलेत. ते मी देतो, गाडीचे आले की परत कर. शुक्रवारी 12 तारखेला सकाळच्या एसटीने निघतो, बेटावद-नरडाण्याकडून साडेदहापर्यंत शिरपूरला पोचेन. तू सरळ बँकेतच ये. येताना आरसी, विम्याचा कागद, आधार, पॅन आणि कर्जाचं पासबुक एका पिशवीत घेऊन ये. गुरुवारीच बँकेत फोन करून कर्ज बंद करायचा नेमका आकडा विचारून ठेव, व्याज धरून तो थोडा वाढलेला असतो.

मायला माझा नमस्कार सांग. वहिनींना म्हणावं, दुपारी जेवायला घरीच येतो, भरीत आणि कळण्याची भाकरी करा. आणि सेंधव्याला आजच फोन कर, शनिवारी येऊ नका म्हणून.

तुझाच,
नाना