जमिनीत पुरलेला तालांत

तीर्थरूप आई आणि बाबांस,
प्रभू येशूच्या नावाने सप्रेम नमस्कार.

आई, "आता माझ्या हातून देवाचे काय काम होणार?" हे तुझ्या मागच्या पत्रातले वाक्य आठ दिवस मनातून जात नाही, कारण हेच वाक्य मी स्वतः कितीतरी वर्षे मनाशी धरून बसले होते. माझा गळा गाण्याचा नाही, चार माणसांसमोर बोलायचे म्हटले की तोंडाला कोरड पडते, आणि म्हणून मंडळीत कोणी एखादे काम सुचवले की "माझ्यापेक्षा चांगले करणारे पुष्कळ आहेत" असे म्हणून मी बाजूला होत असे. त्यालाच मी नम्रता समजत होते.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 25व्या अध्यायातला, परदेशी जाताना धनी आपले धन ज्यांच्यावर सोपवतो त्या तीन दासांचा दाखला बाबांनी आम्हाला लहानपणी अनेकदा वाचून दाखवला, तरी त्यातल्या काही गोष्टी मला अलीकडेच उमगल्या. एकच तालांत मिळालेल्या दासाची मला नेहमी कीव येई. पण एक तालांत म्हणजे सुमारे 6,000 दिनार, आणि दिनार ही त्या काळी मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे त्याने जमिनीत पुरले ते जवळजवळ 20 वर्षांच्या कष्टाएवढे धन होते. शिवाय पाच तालांतांचे दहा करणाऱ्याला आणि दोनांचे चार करणाऱ्याला धनी जी शाबासकी देतो, तिच्यात एका शब्दाचाही फरक नाही. तिसरा दास मात्र "मी भ्यालो" असे सांगतो, आणि तिथे मला माझाच आवाज ऐकू आला.

आपल्या कामासाठी पाठवताना देवाने मोशेला त्याच्या हातात काय आहे असे विचारले, तेव्हा त्याच्या हातात काठी होती. माझ्या हातात आई, तू पाटीवर गिरवून घेतलेले अक्षर आहे. मंडळीतल्या ज्या वृद्धांना गीतांच्या पुस्तकातला बारीक छाप दिसत नाही, त्यांच्यासाठी मी आता गीते मोठ्या अक्षरांत उतरवून देते. पहिल्याच पानावर एक वेलांटी सुटली, एका ओळीवर शाई पसरली, आणि ते पान फाडून टाकावे असे वाटले. पण दुसरे लिहायला वेळ नव्हता, म्हणून संकोचत तेच दिले. ज्या आजींना दिले त्यांनी प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवत, डागाच्या जागी क्षणभर थांबून पूर्ण गीत म्हटले. त्यांचे ते थरथरते बोट मी विसरू शकत नाही.

आई, तुला आता गुडघे टेकता येत नाहीत, बाबांचा आवाज प्रार्थनेत मध्येच अडकतो, हे मला ठाऊक आहे. तरीही कोण आजारी आहे, कोणाचे काम सुटले आहे, कोणाचा मुलगा घर सोडून गेला आहे, हे तुम्ही दोघे रोज नावानिशी देवापुढे ठेवता, आणि माझ्या पडत्या काळात त्या नावांत माझेही नाव होते. ज्या प्रार्थनेच्या आधारावर मी उभी राहिले, तिला तू "काहीच नाही" म्हणावेस, हे मला मान्य होत नाही.

तुम्ही रोज ज्यांच्यासाठी प्रार्थना करता, त्या सर्वांची नावे मला कळवा. मी ती मोठ्या, ठळक अक्षरांत लिहून पाठवीन, म्हणजे बाबांना चष्म्याशिवायही वाचता येतील.

तुमची,
मुलगी