नाना, तुमच्या दोन्ही कलमांचे आभार

नाना,

शेवटचं बिल आलं त्या दिवशी पेढे घेऊन तुमच्याकडे आले होते. तुम्ही एक पेढा तोंडात टाकलात आणि विहिरीवरच्या पंपाचं रडगाणं सुरू केलंत. आभार मानायचे राहिले ते राहिलेच. आता बाहेर धो धो पाऊस आहे, लाईट दुपारपासून गेली आहे, लॅपटॉपची बॅटरी आहे तोवर लिहून टाकते. तुम्ही हे स्वतः वाचणार नाही, नातीला वाचायला लावाल आणि अर्ध्यावर "पुरे गो" म्हणून उठाल, तेही माहीत आहे. म्हणून चारचौघांसमोरच लिहिते आहे. माझ्यासारखी घरी बसून कंत्राटावर काम करणारी पोरं आता देवगड-जामसंड्यातही बरीच झाली आहेत, त्यांच्या तरी कामी येईल.

त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगते. मी चित्रं काढते. गेल्या जूनमध्ये पुण्याच्या एका कंपनीबरोबर नऊ महिन्यांचा करार केला. शाळेच्या मुलांचे विज्ञानाचे धडे, त्यांची चित्रं, महिन्याला ४५ हजार. काम आवडीचं होतं, पण बिल दोन-दोन महिने रखडायचं आणि दर धड्यामागे "एवढं जरा अजून करून द्या" असायचंच. ऑक्टोबरच्या मध्यावर दुसरीकडून विचारणा आली. दोन वर्षांचं काम, महिन्याला ६० हजार, अट एकच: १ नोव्हेंबरपासून सुरुवात. माझे अजून ३८ धडे बाकी होते.

मी तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही खळं चोपत होता. पाऊस नुकताच सरला होता, माती ओली होती आणि चोपण्याचा आवाज आमच्या पडवीपर्यंत येत होता. मी सगळं एका दमात सांगितलं. आजारी आहे असं कळवून हळूच बाहेर पडावं हा माझा बेतही सांगितला. (होय, लाज वाटते, पण तेव्हा तो बेत फार हुशारीचा वाटत होता.) तुम्ही चोपणं खाली न ठेवता म्हणालात, "ठरवन इलंस मा? मगे माका कित्याक विचारतंस?" आणि थोड्या वेळाने, "कागद खय आसा?"

कागद मी सही केल्यापासून उघडलाच नव्हता.

प्रिंट घेऊन संध्याकाळी परत आले. देवगडच्या कोर्टात ३२ वर्षं बेलीफ असलेला माणूस कागद कसा वाचतो ते मी त्या दिवशी पाहिलं. आधी शेवटचं पान, सह्या आणि तारीख. मग मागून पुढे. चष्मा कपाळावर आणि कागद नाकाला लावलेला. "मी वकील नाय हां, बेलीफ होतंय. माका कागद कळता, न्याय नाय," हे तीनदा बजावून तुम्ही माझ्या तीन कलमांखाली पेन्सिलीने रेघ मारलीत.

नववं कलम, दोघांपैकी कोणीही ३० दिवसांची लेखी सूचना देऊन करार संपवू शकतो. म्हणजे दार होतंच, मी खिडकीतून उडी मारायला निघाले होते. अकरावं, काम पुरं न करता सोडल्यास एका महिन्याची रक्कम नुकसानभरपाई म्हणून कापून घेणार. त्यावर तुम्ही १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ सांगितलंत: कागदावर लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा. कोर्ट त्याच्या आत वाजवी वाटेल तेवढंच देतं, लिहिलंय म्हणून सगळं कापता येतं असं नाही. आणि चौदावं, ज्याच्यामुळे माझी झोप उडाली होती: करार संपल्यावर एक वर्ष अशाच दुसऱ्या कंपनीचं काम करायचं नाही. ते वाचून तुम्ही हसलात. कलम २७, धंद्याला बंदी घालणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. करार चालू असताना गोष्ट वेगळी, पण संपल्यावर माणसाने उपाशी बसावं अशी अट सहसा टिकत नाही. मात्र त्यांच्या फाईली उचलून नव्या माणसाला द्यायच्या नाहीत, हेही तुम्ही दरडावून सांगितलंत.

मला वाटलं झालं, सुटले. उठतच होते.

"तुझ्या मागे कोण उभो आसा?" तुम्ही विचारलंत.

मला प्रश्नच कळला नाही. मग कळला. माझी चित्रं गेल्यावर ती हलती करणारा एक मुलगा होता, चिपळूणचा. तोही माझ्यासारखाच कंत्राटी, पण त्याला पैसे धड्यामागे मिळत. माझं चित्र नाही तर त्याचा धडा नाही, धडा नाही तर पैसे नाहीत. कराराच्या अकरा पानांत त्याचा उल्लेख असायचं कारण नव्हतं. आम्ही रोज बोलायचो, आणि सगळ्या बेतात मला त्याची एकदाही आठवण झाली नव्हती.

तेव्हा तुम्ही ती गोष्ट सांगितलीत. तुमची आंब्याची साठ कलमं तुम्ही एका वर्षी शेजारच्या गावातल्या एकाला कराराने दिली होती. त्याने मोहोरावर दोन फवारण्या केल्या, बागेत राखणीला एक नेपाळी ठेवला. जानेवारीत दुसरा आला, मोहोर बघितला आणि दीडपट बोलला. तुमच्या कागदात सोय होती. तुम्ही पहिल्याची आगाऊ रक्कम मोजून परत केलीत आणि बाग दुसऱ्याला दिलीत. कागदाप्रमाणे सगळं बरोबर. फवारणीचे पैसे त्याने मागितले नाहीत, तुम्ही दिले नाहीत. राखण्याला भर हंगामात काम गेलं. तो इतक्या घाईने गेला की त्याचा भाताचा टोप बागेतल्या खोपटात, मांगरातच राहिला.

मी त्या मांगरात लहानपणापासून जाते, नाना. आंबे पिकत घालायला, गवताच्या अढीत हात घालून पिकलेला शोधायला. तो टोप मी शंभरदा पाहिला आहे. एक कान तुटलेला, बुडाला काळी पुटं, खुंटीला उलटा टांगलेला. मला वाटायचं तुमचाच असेल. गोष्ट संपल्यावर मला वाटलं आता तुम्ही काहीतरी बोलाल. तुम्ही म्हणालात, "टोप बरो आसा. जाड आसा." आणि चहा आणायला आत गेलात.

चहा पिता पिता शेवटचं विचारलंत, "एक तारखेकच येवक होया असा तेंनी सांगितला. उशिरा चलात काय, ता विचारलंस काय?"

नव्हतं विचारलं. पाच रात्री झोपले नव्हते, पण हे विचारायचं सुचलं नव्हतं. समोरच्याने तारीख सांगितली की ती दगडावरची रेघ, अशी आपली समजूत. दुसऱ्या दिवशी फोन केला. चार मिनिटांत १ डिसेंबर ठरलं. म्हणे, आमचंही अजून सगळं तयार नाहीच.

मग मी तीस दिवसांची लेखी सूचना पाठवली. आजाराबिजाराचं काही नाही, दुसरं काम मिळालं आहे असं सरळ लिहिलं. चिपळूणच्या मुलाला कंपनीच्या आधी फोन केला. तो आधी गप्प झाला, मग त्याने अडलेल्या धड्यांची यादी दिली. त्या महिन्यात मी १४ धडे केले, त्याला जे हवे होते ते आधी. उरलेल्या चोवीसची कच्ची रेखाटनं, रंगांचं कोष्टक, मूळ फाईली सगळं लावून दिलं.

कंपनीने धन्यवाद म्हटलं नाही. अकरावं कलम दाखवून शेवटचं बिल अडवलं. तुमचं कलम ७४ मी फार नम्र भाषेत चार मेलमधून पाठवलं आणि मार्चमध्ये ४५ पैकी ३६ हजार आले, टीडीएस कापून. उरलेले ९ सोडून दिले. कणकवलीच्या सीएने तेव्हा झापलं की तुझी लघुउद्योगांची सरकारी उद्यम नोंदणी आधीपासून असती तर २००६ च्या लघुउद्योग कायद्यातली बिलाचे पैसे देण्याची ४५ दिवसांची मर्यादा दाखवता आली असती. ती नोंदणी मी आता केली आहे. फुकट होते, घरबसल्या होते, करा रे पोरांनो.

एक गोष्ट मात्र राहते. माझ्या जागी तुम्ही असतात तर फेब्रुवारीपर्यंत थांबला असतात, हे मला त्या संध्याकाळीच कळलं होतं. तुमच्या तोंडावर दिसत होतं. मला थांबायचं नव्हतं, आणि अजूनही मला तसं थांबायला हवं होतं असं वाटत नाही. पण तुम्ही "थांब" म्हणाला नाहीत. म्हणाला असतात तर मी चिडून दुसऱ्याच दिवशी खिडकीतून उडी मारली असती. त्या न बोलण्याचे आभार सगळ्यात जास्त.

आता कामाचं. यंदाच्या बागेचा करार टाईप करून ठेवला आहे. तुम्ही सांगितलंत तसाच, फक्त पाचवं कलम माझ्या पदरचं: मधेच करार मोडला तर तोवरच्या फवारण्यांचा खर्च आणि राखण्याचा हंगामभराचा पगार मोडणाऱ्याने द्यायचा. नको असेल तर खोडा, पण पेन्सिलीने. पाऊस उघडला की प्रिंट घेऊन येते. स्टॅम्प पेपर तुम्ही आणून ठेवा, आणि आता ५०० चा लागतो हां, १०० चा चालत नाही.

तुमची,
शेजारची