पानं बघायला जातेय, काळजी करू नका

बॉस्टन,
सप्टेंबर अखेर

ती. नाना आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार. मोठ्या आईला माझा नमस्कार सांगा, छोटूला आशीर्वाद.

मी इथे खुशाल आहे. जेवण, तब्येत, ऑफिस हे सगळं फोनवर सांगतेच, म्हणून ते लिहीत बसत नाही. परवा 'पानांचे रंग बघायला गाडी घेऊन फिरायला जाणार आहे' एवढंच म्हटलं आणि आईचा आवाज बारीक झाला. नाना तर फोनवर आलेच नाहीत. फोनवर तुम्ही काळजी करायला लागलात की मला नीट बोलता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. छोटूला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा, मोठ्या आईलाही ऐकू जाईल असं.

आई, तू म्हणालीस, 'पानं गळतात त्यात काय बघायचं?' आपल्याकडे साग गळतो तो वाळून, करडा होऊन. इथल्या मेपलचं तसं नाही. दिवस लहान व्हायला लागले की पानातलं हिरवं द्रव्य मोडत जातं. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हिरव्याखाली झाकलेला, तो मग वर येतो. लाल मात्र नव्याने तयार होतो, पानात राहिलेल्या साखरेपासून. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारठा, पण गोठवणारा नाही, असं हवामान मिळालं तर लाल जास्त चढतो. आमच्या इमारतीसमोरच्या मेपलची एकच फांदी सध्या लाल झालीय, बाकी झाड हिरवंगार. बस येईपर्यंत मी तिच्याकडेच बघत असते.

हा रंग उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि डोंगरावरून समुद्राकडे उतरत येतो. किनाऱ्याला ऊब टिकते, म्हणून तिथली झाडं उशिरा बदलतात. त्या हिशोबाने आम्ही आधी डोंगर आणि मग किनारा असं ठरवलंय. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी इथे सुट्टी असते, त्या वेळी हॉटेलं दुप्पट भाव लावतात आणि रस्ते तुंबतात. आम्ही ती गर्दी ओसरल्यावर निघणार. घाई कुठेच करायची नाही, दिवसाला थोडंसंच अंतर कापायचं, हे पहिल्यापासून ठरलेलं आहे.

सुरुवात व्हर्मांट राज्यातून. नाना, तिथे विंडसर गावाला कनेक्टिकट नदीवर 1866 सालचा लाकडी पूल आहे, साधारण साडेचारशे फूट लांब. त्याला चक्क छप्पर आहे आणि दोन्ही बाजूंनी फळ्या. ते छप्पर माणसांसाठी नाही, पुलासाठी आहे. उघड्यावरचं लाकूड पावसाने आणि बर्फाने कुजतं, झाकलेलं टिकतं. पुलावर जुनी पाटी अजून आहे: घोडे चालवत न्या, नाहीतर दोन डॉलर दंड. आता त्याच पुलावरून मोटारी जातात. तुमच्यासाठी फोटो काढणार आहे, लाकडाची जोडणी दिसेल असा.

पूल ओलांडला की न्यू हॅम्पशायर. तिथे लिंकन ते कॉनवे असा कँकामॅगस नावाचा घाटरस्ता आहे, सुमारे 55 किलोमीटर, सगळा जंगलातून. त्यावर एकही पेट्रोल पंप नाही, म्हणून टाकी लिंकनलाच भरून घेणार. बऱ्याच भागात मोबाइलला रेंजही नसते. त्या दिवशी फोन लागला नाही तर लगेच घाबरू नका. आदल्या रात्री सांगून ठेवेन आणि बाहेर पडल्या पडल्या मेसेज करेन.

पुढे मेन राज्याचा किनारा. आधी पोर्टलंडजवळचं दीपगृह, 1791 पासून चालू असलेलं. तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने वर अकेडिया नॅशनल पार्कपर्यंत. तिथे कॅडिलॅक नावाचा डोंगर आहे, 1,530 फूट. फार उंच नाही, पण थेट समुद्राला लागून. वरपर्यंत गाडी न्यायची तर आधी आरक्षण लागतं. काही जागा तीन महिने आधी उघडतात आणि उरलेल्या बरोबर दोन दिवस आधी सकाळी दहाला, आपल्या तत्काळ तिकिटासारख्या. पहाटेचा सूर्योदय सगळ्यांनाच हवा असतो. मिळाला तर मिळाला, नाहीतर आम्ही दुपारची वेळ घेऊ.

आता तुमच्या काळज्या. बरोबर दोघी आहेत. एक ऑफिसातली तेलुगू मैत्रीण आणि दुसरी नाशिकची, जिच्याशी आई तू व्हिडिओवर बोलली आहेस. तिघींकडे इथलं लायसन्स आहे, आळीपाळीने चालवणार. छोटूने तुम्हाला मूसचा, म्हणजे इथल्या अवाढव्य हरणाचा, व्हिडिओ दाखवला हे मला कळलंय. तो प्राणी असतो खरा, चांगला चार-साडेचारशे किलोचा, आणि गडद रंगामुळे रात्री दिसत नाही. म्हणूनच अंधार पडल्यावर आम्ही गाडी चालवणारच नाही. तिथे त्या दिवसांत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्याआधी मुक्कामावर. खाण्याचं म्हणाल तर किनाऱ्यावर सगळी माशांची हॉटेलं, हे मला माहीत आहे. दशम्या करून नेणार आहे आणि आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी अजून शिल्लक आहे. उपाशी राहणार नाही.

नाना, एक गोष्ट खास तुमच्यासाठी. वाटेत आम्ही सफरचंदाच्या बागेत थांबणार आहोत. इथे लोक पैसे देऊन फळ तोडायला जातात. हो, पैसे देऊन. मलाही पहिल्यांदा पटलं नव्हतं, म्हणून सगळं सांगते. बागेच्या फाटकावर रिकामी पिशवी विकत घ्यायची. लहान, मोठी, जशी हवी तशी. एक माप आहे, त्यात साडेचार-पाच किलो बसतात. पिशवी घेतली की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, गवताच्या गाठींवर बसवून तुम्हाला बागेत नेतात. मग आपण आपलं तोडायचं. फळ ओढायचं नाही, तळव्यात धरून वर उचलायचं आणि किंचित पिळायचं, म्हणजे पुढच्या वर्षीचा डोळा, म्हणजे कळी, मोडत नाही. हे लहान पोरांनाही शिकवतात. आजी-आजोबा येतात, कडेवरची पोरं येतात, दिवसभर थांबतात. तेच सफरचंद दुकानात स्वस्त मिळतं, तरी येतात.

आपल्याकडे कापूस वेचणीला बाया मिळत नाहीत, किलोमागे भाव वाढवून द्यावा लागतो, पहाटे गाडी पाठवून आणावं लागतं. आणि इथे माणसं स्वतःच्या गाडीने येतात, तोडणीची मजुरी मागत नाहीत, उलट मालकाला देऊन जातात. मी एका बागवाल्याला विचारलं. तो म्हणाला, घाऊक बाजारात मोठ्या राज्यांच्या मालापुढे माझी छोटी बाग टिकत नाही. इथे भाव मी ठरवतो, वाहतूक नाही, तोडणी नाही, दलाल नाही. नाना, तेव्हा मला तुम्ही आठवलात. केळीचा भाव जाहीर होईपर्यंत फोन हातात धरून ओट्यावर बसता ते. घड कापायला तयार आणि व्यापारी म्हणतो 'उद्या बघू'. आपल्या केळीला असं काही करता येईल असं मी म्हणत नाही, केळीचं तंत्र वेगळं आहे. पण भाव स्वतः ठरवणारा शेतकरी मी डोळ्यांनी पाहिला आणि तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

आई, खर्चाचं तुझ्या मनात असेल. तिघींत वाटून घेतोय, हॉटेलं साधी आहेत. आणि मला जायचंय. आपल्या घरातून नुसतं फिरायला कुणी कधी गेलंच नाही. वणीला गेलो, शिर्डीला गेलो, लग्नाला, मयतीला, जळगावच्या दवाखान्यात. तू समुद्र पाहिलास तो मोठ्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी मुंबईत, टॅक्सीच्या खिडकीतून, मांडीवर औषधांची पिशवी धरून. तू 'थांबवा' म्हणाली नाहीस. मी शेजारीच बसले होते. यात तुला बोल लावत नाही. पण मला एकदा समुद्राकाठी काहीही काम नसताना बसायचं आहे, आणि ते करताना तुमची आठवण येणार आहे हेही मला माहीत आहे.

दिवाळीचं आता लिहिते. यंदाही येता येणार नाही. 'फिरायला रजा आहे आणि घरी यायला नाही' असं तुम्हाला वाटेल, म्हणून खरं कारण सांगते. भारतात आले की परत येण्याआधी व्हिसाचा नवा शिक्का घ्यावा लागेल. मुलाखतीची तारीख मिळेल याचा भरवसा नाही, आणि अडकले तर नोकरी जाईल. रजा चार-सहा दिवसांचीच आहे, तेवढ्यात ते होत नाही. यात माझ्या हातात काही नाही. फराळ पाठवू नका, पार्सलला फार पैसे पडतात. बरं, बिबड्या, आपले ज्वारीचे पापड, तेवढ्या पाठवा.

कांदेबागेच्या केळीच्या रोपांचे पैसे काल नानांच्या खात्यात टाकलेत. टिश्यूची, लॅबमध्ये वाढवलेली रोपं घ्या, स्वस्त म्हणून शेजारच्या शेतातले कंद आणू नका, मागच्या वेळी व्हायरसने बाग उपटावी लागली. सोसायटीचा हप्ता वेगळा पाठवेन, पुढच्या महिन्यात. मोठ्या आईच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन थंडी पडायच्या आत करून घ्या, त्याचेही मी देते. फिरण्यामुळे यातलं काही कमी होणार नाही.

फैजपूरच्या स्थळाचं मामांनी लिहिलेलं वाचलं. मुलगा पुण्यात आहे, पत्रिका जुळते, हे सगळं ठीक. मी बोलायला नाही म्हणत नाही. पण माझ्या वतीने कुणाला शब्द देऊ नका आणि बैठक ठरवू नका. छोटूचं लग्न माझ्यामुळे थांबलंय असं तो कधी बोलत नाही, पण मला कळतं. त्याचं आधी करा. मोठी बहीण बाकी आहे म्हणून लोक काय म्हणतील ते म्हणू द्या, मी सांगतेय ना. मुलीकडच्यांना हवं असेल तर मी स्वतः त्यांच्याशी बोलेन.

मामांना माझा नंबर द्या. फैजपूरवाल्यांना शनिवारी-रविवारी संध्याकाळी सहानंतर फोन करायला सांगा, तेव्हा इथे सकाळ असते. आम्ही निघायच्या आत झालं तर बरं.

तुमची लेक